नाटकांची पेठ आणि सोंगांची रात्र : जव्हार-मोखाड्यातील प्रेक्षक आणि मराठी नाट्यविचार

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककार, संहिता, दिग्दर्शन, अभिनय आणि नेपथ्य यांची चर्चा जेवढ्या बारकाईने केली, तेवढी प्रेक्षकाची केलेली नाही. प्रेक्षक बहुधा गृहीत धरला जातो. तो तिकीट काढून येतो, तिसऱ्या घंटेपूर्वी आपल्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसतो, दिवे मंदावले की गप्प होतो, मध्यंतरात बटाटेवडा खातो आणि पडदा पडल्यावर शेवटची लोकल गाठतो. नाट्यानुभव, रसास्वाद, प्रयोगमूल्य इत्यादी संज्ञा वापरताना समीक्षकाच्या डोळ्यांसमोर हाच माणूस असतो. तो विशिष्ट शहरातील विशिष्ट रस्त्यांवर, गेल्या पावणेदोनशे वर्षांत घडलेला माणूस आहे, ही गोष्ट मात्र सहसा नोंदवली जात नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या बाजूने पाहिले असता या गृहीताचे स्वरूप कसे उघड होते, ते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे तालुके मुंबईपासून फार दूर आहेत असे नाही. जव्हार मुंबईहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते आणि तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तरीही व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांचा नेहमीचा मार्ग दादरहून ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, नाशिकचे कालिदास कलामंदिर असा जातो. त्यात जव्हार-मोखाडा येत नाही. रेल्वे नाही. दादरचा रात्रीचा प्रयोग पाहायचा तर शहरात मुक्कामाशिवाय गत्यंतर नाही, आणि मुक्कामाची सोय म्हणजे नातेवाईक. ज्यांचे नातेवाईक शहरात बांधकामाच्या जागी पत्र्याच्या खोलीत राहतात, त्यांच्यासाठी ही सोय किती खरी, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शहरातील नाटकांची पेठ एका जागी स्थिर राहिलेली नाही. १८४६ मध्ये ग्रँट रोडवर जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने नाट्यगृह उभे राहिले. त्याच्या आसपास पुढे पारशी, गुजराती, उर्दू आणि मराठी नाटकमंडळ्यांची अशी दाटी झाली की ‘प्लेहाउस’चे ‘पिला हाउस’ होऊन ते वस्तीचेच नाव बनले. त्यानंतर मराठी नाटकाचे केंद्र गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाकडे आले. गिरणगावात परळचे १९२२ मधील दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीचे घर झाले. १९६५ मध्ये दादरला शिवाजी मंदिर सुरू झाले आणि मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाचा पत्ता कायम झाला. आज दादर-माटुंगा-प्रभादेवी या टापूत शनिवार-रविवारी जी वर्दळ असते, तीच मराठी माणसाच्या दृष्टीने नाटकाची पेठ. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा रंगकर्मींनी केलेला निषेध या पेठेच्या एका टोकाविषयीची चिंता होती.

या पेठेचा आरंभ कशाने झाला? सांगलीत १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर करणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या मंडळीने ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. भावे यांच्या नाटकाची रचना मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला पाठ असते. सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाचा प्रवेश, गणपतीचे आगमन, मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती, आणि त्यानंतर देव व राक्षस यांचे पौराणिक आख्यान. पदे सूत्रधार म्हणे, पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. राक्षस आरडाओरडा करीत, तलवारी फिरवीत रंगभूमीवर येत. सुशिक्षितांच्या पुढील पिढ्यांनी या प्रकाराला ‘अललडुर्र’ असे नाव ठेवले आणि ते हेटाळणीचे म्हणून रूढ झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतला’नंतर राक्षस रंगभूमीवरून मागे सरले, संहिता बांधीव झाली आणि गणपती-सरस्वती नांदीत विलीन झाल्या. मराठी रंगभूमीचे इतिहासग्रंथ या बदलाची नोंद प्रगती म्हणून करतात. ती प्रगती होती यात शंका नाही. परंतु जे मागे सरले ते कोठे गेले, हा प्रश्न त्या इतिहासाला पडत नाही.

त्याचे एक उत्तर मोखाड्यात, होळीनंतरच्या रात्रींत मिळते.

बोहाडा, काही ठिकाणी भोवाडा, हा जव्हार, मोखाडा आणि लगतच्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात होणारा मुखवट्यांचा उत्सव आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर आदी समाजांचा त्यात सहभाग असतो आणि गावातील बिगर-आदिवासी घरेही त्यापासून अलिप्त नसतात. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा यांत विशेष प्रसिद्ध आहे. उत्सव काही रात्री चालतो आणि शेवटची रात्र मोठ्या बोहाड्याची असते. आधी गणपतीचे सोंग येते, मग शारदेचे. त्यानंतर रामायण-महाभारत, पुराणे आणि स्थानिक दैवतकथा यांतील पात्रे एकामागून एक निघतात. मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, वीरभद्र, खंडोबा, वेताळ अशी ही मालिका पहाटेपर्यंत चालते आणि देवी व महिषासुर यांच्या युद्धाने तिची सांगता होते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे रूढ झाले आणि ते घडवणारे कारागीर जव्हार तालुक्यात आजही आहेत. मोठा मुखवटा कमरेच्या वरचा सारा भाग व्यापतो आणि त्याचा तोल सांभाळूनच नाचावे लागते. सोंग घेणारा सहसा बोलत नाही. त्याच्या वतीने संबळ बोलतो आणि सनई त्याची चाल ठरवते.

भावे यांच्या नाटकातील पात्रांची यादी आणि बोहाड्यातील सोंगांची यादी शेजारी ठेवली असता साम्य नजरेत भरते. गणपती, सरस्वती, राक्षस, युद्ध. त्यावरून बोहाडा हे मराठी नाटकाचे मूळ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो आणि लोकसाहित्याच्या चर्चासत्रांतून तो वारंवार ऐकू येतो. हा निष्कर्ष टिकणारा नाही. भावे यांच्यासमोर कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते, मोखाड्यातील सोंगे नव्हेत. शिवाय बोहाडा जुन्या अवस्थेत गोठून राहिलेला नाही. लाकडाच्या जागी कागद आला, टेंभ्यांच्या सोबतीला विजेचे दिवे आले, ध्वनिक्षेपकही आला. जे बदलते ते जिवंत असते आणि जिवंत गोष्टीला दुसऱ्याचे मूळ म्हणणे हा तिला वर्तमानातून हद्दपार करण्याचा सभ्य मार्ग आहे. साम्याचा अर्थ एवढाच घ्यावा की एकाच पौराणिक द्रव्यातून दोन रंगभूमी घडल्या. एकीने तिकीटखिडकी स्वीकारली, दुसरीने नवस आणि मान. बोहाड्यात काही सोंगे ठरावीक घराण्यांकडे चालत आलेली असतात, काही नवसाने घेतली जातात. दोहोंतही पैसा लागतो, मात्र एका ठिकाणी पाहणारा खर्च करतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाचणारा.

मराठी भाषेने या फरकाची नोंद समीक्षेपेक्षा आधी घेतली आहे. नाटक ‘बसवतात’, नाटक ‘लागते’, नाटकाचा ‘प्रयोग’ होतो. सोंग मात्र ‘घेतात’, ‘नाचवतात’, ते ‘निघते’. शहरी मराठीत ‘सोंग’ हा शब्द ढोंगाचा सोबती झाला. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण तर सर्वतोमुखी आहे. मोखाड्यात सोंगासाठीच पैसा साठवला जातो, हे ध्यानात घेतले की म्हण नेमकी उलटी होते. (‘नाटकी’ हे विशेषणही शहरात निंदेचेच आहे. मराठी माणूस नाट्यवेडा म्हणवून घेतो, पण आपल्या शिव्यांमध्ये त्याने नाटकाला फारसे सोडलेले नाही.)

बोहाड्याचा काळ होळीनंतरचा का, या प्रश्नाचे धार्मिक उत्तर पंचांगात आहे. त्याला एक आर्थिक बाजूही आहे आणि नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने ती अधिक बोलकी आहे. खरिपाची पिके निघाली की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे स्थलांतर करतात. भिवंडी, वसई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यातील वीटभट्ट्या, रेतीची कामे आणि इमारतींची बांधकामे त्यांच्या श्रमावर चालतात. होळीला माणसे गावी परततात, निदान परतण्याची धडपड करतात. शहरातील नाट्यहंगाम दिवाळीच्या सुमारास बहरात असतो तेव्हा हा माणूस शहराच्या कडेला विटा थापत असतो. त्याच्या गावातील नाट्यहंगाम तो परत आल्यावर सुरू होतो. महानगराच्या अगदी निकट सहा महिने राहूनही तो त्या महानगराच्या नाट्यगृहात शिरत नाही. तिकिटाचा दर हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नव्हे. त्या इमारतीच्या पायऱ्या आपल्यासाठी नाहीत, हे त्याला कोणी न सांगता समजलेले असते.

येथे गिरणगावाशी तुलना उद्बोधक ठरते. कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराने आपले नमन-खेळे आणि दशावतार मुंबईत आणले. चाळीतील गाळा, गावकीचे मंडळ आणि बारमाही नोकरी यांमुळे ते शहरात रुजले, दामोदरच्या रंगमंचावर चढले आणि पुढे मराठी नाटकाच्या मुख्य प्रवाहालाही त्यांनी शैली पुरवली. ‘घाशीराम कोतवाल’मधील (१९७२) माणसांचा पडदा खेळ्यांच्या परंपरेशी नाते सांगतो, हे सर्वज्ञात आहे. जव्हार-मोखाड्याच्या मजुराला चाळ मिळाली नाही, मंडळ मिळाले नाही, बारा महिन्यांची नोकरी तर नाहीच. म्हणून बोहाडा मुंबईत आलाच नाही. एखाद्या लोककलेला शहरात स्थान मिळते की नाही, हे तिच्या कलागुणांवर ठरते असे मानणाऱ्या समीक्षेने या दोन स्थलांतरांतील फरक पाहावा. कलेच्या आधी माणसाला राहायला खोली लागते.

बोहाडा शहरात दिसतो तो महोत्सवांत. सांस्कृतिक कार्यक्रमात तारपा, गौरी नाच, कांबड नाच यांच्या जोडीने त्याला पंधरा-वीस मिनिटे मिळतात. सोंगे विंगेतून येतात, प्रेक्षकांकडे तोंड करून नाचतात आणि दुसऱ्या विंगेतून जातात. मोखाड्यात सोंगाला समोरची बाजू नसते. ते गर्दीतून वाट काढत येते, लहान मुले त्याच्या पुढे-मागे धावतात, म्हाताऱ्या बाया त्याच्या पाया पडतात. मुखवट्याआड शेजारचा माणूस आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते आणि तरीही त्या पाया पडतात. नाट्यभ्रमाची जी चर्चा पाश्चात्त्य समीक्षेपासून उसनी घेऊन मराठीत झाली, तिला या एका कृतीचे स्पष्टीकरण देता आलेले नाही. रिचर्ड शेकनर यांनी वाराणसीजवळच्या रामनगरच्या रामलीलेचा अभ्यास करताना प्रेक्षक नाटकाबरोबर चालतो, या गोष्टीला सैद्धांतिक महत्त्व दिले. रामनगरला असा अभ्यासक लाभला, छाऊ नृत्याचा २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. बोहाड्याच्या वाट्याला प्रामुख्याने वर्णनपर लेख आले. त्यांत सोंगांची नावे असतात, वेशभूषा असते, वाद्ये असतात. पाहणाऱ्याविषयी एखादे वाक्य सापडले तर सापडते.

याच जिल्ह्यातील वारली चित्रकलेचे उदाहरण वेगळे आहे. भिंतीवरील चौक सत्तरीच्या दशकात कागदावर उतरला, जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांचे १९७५ मध्ये मुंबईत प्रदर्शन झाले आणि पाहता पाहता ती रेखाशैली जगभर पोहोचली. चित्राला वाहून नेता येते. मुखवटाही वाहून नेता येतो आणि आज तो दिवाणखान्यांत टांगलेला दिसतोही. मात्र रात्र वाहून नेता येत नाही.

इतके म्हटल्यावर उलट बाजू मांडली नाही तर हे विवेचन भाबडे ठरेल. बोहाड्यात महिषासुर दरवर्षी मरतो. तो यंदा का मरावा, असा प्रश्न तेथे विचारला जात नाही. देवीचे सोंग परंपरेने पुरुष घेत आले आहेत आणि जिच्या नावाचा उत्सव, तिच्याच रूपात गावातील बाई नाचलेली नाही. शहरातील नाट्यगृहाने गेल्या शतकात जे कमावले ते येथे नाही. स्त्री रंगभूमीवर आली, तिने घर सोडले, तिने न्यायालयासमोर उभे राहून जबाब दिला आणि अंधारात बसलेल्या अनोळखी माणसांना त्याविषयी एकेकट्याने विचार करावा लागला. गर्दीत राहूनही एकटे असण्याची ही सवय शहरी रंगभूमीची देणगी आहे. मोखाड्यातील एखाद्या मुलीला दादरच्या नाट्यगृहातील अंधारात दोन तास बसायला मिळाले, तर तेथे तिला कोणी ओळखत नाही, ही गोष्टच कदाचित तिला सर्वात मोलाची वाटेल. गावातील रात्रीत तिला प्रत्येकजण ओळखतो.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. या नाटकाची चर्चा बेणारेच्या शोकांतिकेभोवती आणि मध्यमवर्गाच्या हिंस्रतेभोवती फिरत आली, ते योग्यच आहे. पण त्याची मूळ स्थिती पाहिली तर ते शहरातील नाटकमंडळी खेड्यात गेल्याचे नाटक आहे. मुंबईची हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका गावी येते. रात्री प्रयोग, त्याआधी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटीचा खटला. गावातील सामंत हा साधा तरुण त्यांच्या मदतीला असतो. एक साक्षीदार कमी पडतो म्हणून सामंतला उभे केले जाते. न्यायालय म्हणजे काय, साक्ष कशी द्यायची, हे मंडळी त्याला मोठ्या उत्साहाने शिकवतात. पुढे तो साक्ष देतो ती हातातील कादंबरी वाचून. ती साक्ष बेणारेच्या आयुष्याशी जुळते आणि खटला हिंस्र वळण घेतो. सामंतला आपण काय केले याचा पत्ता नसतो.

समीक्षकांनी सामंतकडे निरागस पात्र म्हणून पाहिले. जव्हार-मोखाड्याच्या बाजूने पाहिले असता तो निराळा दिसतो. शहराच्या नाटकात खेड्यातील माणसाला मिळणारी ही नेमकी जागा आहे. रिकामी खुर्ची भरण्यासाठी त्याला बोलावले जाते, शब्द त्याच्या हाती दिलेले असतात किंवा त्याने ते कोठून तरी वाचलेले असतात, आणि त्याच्या साक्षीचा उपयोग इतरांच्या हेतूसाठी होतो. या तालुक्यांच्या वाट्याला सार्वजनिक जीवनातही हीच जागा आली आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्या आल्यापासून शहराने या भागाला कुपोषणाचा साक्षीदार म्हणून उभे केले. साक्ष खरी होती आणि ती आवश्यकही होती. पण त्याखेरीज या माणसांकडे सांगण्यासारखे, नाचण्यासारखे, पाहण्यासारखे काही असेल, हे उलटतपासणीत विचारले गेले नाही.

नाटकाचा शेवटही ध्यानात घ्यावा. बेणारे कोसळलेली आहे, मंडळी भानावर येत आहेत, तेवढ्यात दार उघडते आणि प्रयोग पाहायला आलेले गावकरी आत डोकावतात. खेळ सुरू झाला का, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. गावचा प्रेक्षक या नाटकात येतो तो सर्व काही घडून गेल्यानंतर. त्याला दाखवण्यासाठी जे आणले होते ते अजून व्हायचे आहे आणि जे खरे नाटक होते ते त्याच्या पाठीमागे बंद दाराआड होऊन गेले आहे. तेंडुलकरांना हे अभिप्रेत होते की नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. रचनेत ते आहे, आणि दादरच्या प्रेक्षकाला ते सहसा जाणवत नाही, कारण तो त्या दाराच्या आतल्या बाजूला बसलेला असतो.

महाविद्यालयीन वर्गात हा प्रश्न रोजचा होतो. बी.ए.च्या अभ्यासक्रमात नाटक हा वाङ्मयप्रकार असतो. जव्हार-मोखाड्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी नेमलेल्या नाटकाचा, किंबहुना कोणत्याही मराठी नाटकाचा, नाट्यगृहातील प्रयोग पाहिलेला नसतो. तरी प्रश्नपत्रिकेत ‘प्रयोगक्षमता’, ‘रंगसूचना’, ‘प्रकाशयोजना’ यांविषयी प्रश्न असतात आणि मार्गदर्शक पुस्तकातील उत्तरे सामंतप्रमाणे वाचून दिली जातात. परीक्षकही त्यांना गुण देतात. एखाद्या वर्षी सहलीच्या निमित्ताने विद्यार्थी दादरला जातात, नाटक पाहतात आणि हरखून परततात. त्या सहलीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण अशी की या विद्यार्थ्यांतील अनेकांनी स्वतः सोंग घेतलेले असते, किंवा सोंगापुढे टेंभा धरलेला असतो, आणि वर्गात ‘तुम्ही कधी नाटक पाहिले आहे का?’ असे विचारले असता ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. ‘नाही’ म्हणायला त्यांना शिक्षणानेच शिकवले आहे. बोहाड्याचा उल्लेख झालाच तर तो ‘लोकसाहित्य’ या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, विधिनाट्य या शीर्षकाखाली, पाच गुणांच्या टिपेपुरता होतो.

दोन्ही गोष्टी एका तासात शिकवणे अवघड नाही. ‘सूत्रधार’ ही संज्ञा समजावताना भावे यांच्याबरोबर मोखाड्याचा संबळवाला सांगता येतो. ‘रंगावकाश’ सांगताना शिवाजी मंदिराच्या रंगमंचाबरोबर गावातील सोंगांची वाट फळ्यावर काढता येते, आणि ती काढायला विद्यार्थ्यालाच फळ्यापाशी बोलावता येते. त्यासाठी अभ्यासमंडळाची मंजुरी लागत नाही. वेळेची अडचण मात्र खरी आहे. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि बोहाड्याच्या रात्री एकाच सुमारास येतात. पहाटे महिषासुर पडेपर्यंत जागलेला विद्यार्थी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी परीक्षागृहात येतो, नाटकाची प्रश्नपत्रिका उघडतो आणि नाट्यगृहातील प्रेक्षकाचे स्वरूप स्पष्ट करू लागतो.